जाते, गिरणी आणि ओवीचा शोक

लोकसाहित्यावरील मराठी लेखनात एक हळहळ वारंवार भेटते. गावात पिठाची गिरणी आली, घरातले जाते थांबले आणि जात्याबरोबर ओवीही मुकी झाली, अशी ती हळहळ. ती खोटी नाही. परंतु ती व्यक्त करणाऱ्या अभ्यासकांपैकी बहुतेकांनी पहाटे उठून पायलीभर बाजरी कधी दळलेली नसते. गिरणीने काय नेले हे आपण पुष्कळ लिहिले. तिने काय दिले, याची नोंद मात्र ओवीच्या अभ्यासात क्वचितच आढळते.

ओवी आणि श्रम यांचे नाते फार जुने आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (इ. स. ११२९) या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. जनाबाईंच्या नावावरील अभंगांत तर प्रत्यक्ष विठ्ठल जनीसोबत दळू लागतो. या प्रतिमेचा अर्थ आपण भक्तीच्या अंगाने लावतो आणि ते योग्यच आहे. पण तिचा एक साधा अर्थही आहे. जाते दोघींनी समोरासमोर बसून ओढले तर हलके जाते. एकटीला ते जड पडते. दासीपण वाट्याला आलेल्या स्त्रीच्या कल्पनेत देव येतो तो खुंट्याला दुसरा हात लावण्यासाठी. सातशे वर्षांपूर्वीच्या या कल्पनेत भक्तीइतकाच थकवाही आहे.

दळण हे रोजचेच काम का होते, हेही समजून घ्यायला हवे. बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही, कडवट होते. त्यामुळे आठवड्याचे दळण एकदाच उरकण्याची सोय नव्हती. खालची तळी स्थिर, वरची फिरती. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने तोंडात वैरण घालायची. घर मोठे असेल तर पहाटेच्या अंधारात सुरू झालेले काम उजाडेपर्यंत चाले, आणि पुढे पाणी, चूल व शेत होतेच. तळ्या गुळगुळीत झाल्या की त्यांना टाकी लावून घ्यावी लागे. तोवर बोथट जात्यावर दुप्पट बळ खर्ची पडे. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ या म्हणीत दाण्यांचे रडणे आले. जाते ओढणारीचे आले नाही. ‘तेच ते दळण’ हा शब्दप्रयोग कंटाळ्याचा वाचक व्हावा, यातच त्या कामाचा इतिहास साठलेला आहे.

हा इतिहास ओव्यांनी लपवलेला नाही. गी प्वाटवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकापासून पुणे जिल्ह्यातील डोंगरी गावांत काम सुरू करून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा केला; २०१७पासून तो ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावर प्रकाशित होऊ लागला. या ओव्यांत माहेर, भाऊ, सीतेचा वनवास आणि डॉ. आंबेडकर यांच्याबरोबरच सासुरवासाचा जाच आणि दळणाचे कष्टही आहेत. दळताना लागणारे बळ आईच्या दुधाचे, असे त्या सांगतात. जात्याला देव मानतात, कारण मनातले ऐकून घेणारे घरात दुसरे कोणी नव्हते. गाणे कष्टाचे कौतुक म्हणून आलेले नव्हते. कष्ट सोसण्यासाठी आलेले होते. बहिणाबाई चौधरींनी (१८८०–१९५१) घरोट्याविषयी रचना केली, तीही रोज घरोटा ओढणाऱ्या स्त्रीची. हे विसरून केवळ लय आणि गोडवा यांचीच चर्चा होते, तेव्हा समीक्षा नकळत सुपात जाऊन बसते.

गिरणी आधी शहरांत, मग ऑइल इंजिनावर मोठ्या गावांत आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत वीज जसजशी पोहोचत गेली, तसतशी विजेवरची गिरणी लहान गावांतही दिसू लागली. तिने बाईला पहाटेची झोप दिली. या झोपेची नोंद कोणत्याही वाङ्मयेतिहासात नाही. तथापि हिशेब एकतर्फी नव्हता. दळणकांडण करून मुलांना वाढवणारी विधवा आपल्या चरित्रवाङ्मयात ठायी ठायी भेटते. गिरणीने तिचा घास काढून घेतला. शिवाय दळणाला आता रोख पैसे लागू लागले. २००५च्या सुमारास ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन तीव्र झाले, तेव्हा गिरणीपुढे डब्यांच्या रांगा लागत आणि वीज येण्याची वाट पाहिली जाई. घरातले जाते तोवर कोपऱ्यात गेले होते, त्याला टाकी लावणारे हातही दुर्मिळ झाले होते. त्या रांगेत उभ्या असलेल्या सुनेला गिरणीची खरी किंमत माहीत होती. पण आजीचा पहाटेचा एकांत तिच्या वाट्याला आलेला नव्हता.

म्हणून प्रश्न जाते की गिरणी असा नाही. गिरणीने श्रम हलका केला. मात्र ज्या दुःखांसाठी जात्याजवळ बोलावे लागत होते, ती दुःखे तिने दळून टाकली नाहीत. ओवी थांबली म्हणजे सांगण्यासारखे संपले, असे नव्हे. आज जाते लग्नघरात हळद दळण्यापुरते पूजेला निघते, आणि ते तेवढेच निघावे. वर्गात ओवी शिकवताना मात्र तिच्या छंदाबरोबर तिच्यामागच्या तळीचे वजनही सांगितले गेले पाहिजे. तसे झाले तर गिरणीविषयीची कृतज्ञता आणि ओवीविषयीचा आदर एकमेकींच्या आड येणार नाहीत.