अर्न अ बक
'अर्न अ बक' (शब्दशः अर्थ: नर कमवा) हा अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याचा हरणांच्या शिकारीविषयीचा नियम होता. इंग्रजी बोलीत 'बक' म्हणजे डॉलरही. नावात हा श्लेष आहे. १९९६ साली तो काही विभागांत प्रथम लागू झाला. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची वाढ माद्यांच्या संख्येवर अवलंबून असते; शिकाऱ्यांची ओढ मात्र मोठ्या शिंगांच्या नराकडे असते. या नियमानुसार शिंगे नसलेले एक हरिण (बहुधा मादी किंवा पाडस) मारून त्याची नोंद केल्याखेरीज नर मारता येत नसे. त्यामुळे एरवी सोडून दिली जाणारी मादी शिकारी आधी टिपू लागले. पात्रता मिळण्यापूर्वीच मोठा नर समोर आला, तर त्याला जाऊ द्यावे लागे. शिकाऱ्यांच्या नाराजीचे हे एक प्रमुख कारण होते. २०११ साली कायद्याने हा नियम रद्द झाला.