पछाडलेला किल्ला, फासे आणि शाळेचा वर्ग

१/ फेब्रुवारी १७९७. लंडनच्या 'क्रिटिकल रिव्ह्यू' या नियतकालिकात एका कादंबरीचे निनावी परीक्षण छापून आले. हे पुस्तक मुलाच्या वा मुलीच्या हाती दिसले, तर आईबापांचा चेहरा पांढराफटक पडणे स्वाभाविक आहे, अशा आशयाचा इशारा त्यात होता. कादंबरी होती 'द मंक'. ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिचा लेखक मॅथ्यू लुइस अवघ्या वीस वर्षांचा होता. परीक्षक होता कवी सॅम्युएल टेलर कोलरिज.

२/ पुढे पावणेदोनशे-दोनशे वर्षांनी अमेरिकेतील आईबापांचे चेहरे तसेच पांढरे पडले. या वेळी मुलांच्या हाती कादंबरी नव्हती, फासे होते. आज काही शिक्षक त्या कादंबऱ्या आणि ते फासे एकाच टेबलावर मांडून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना साहित्य शिकवतात. या दोन भीतींचा आणि त्या टेबलाचा हा इतिहास.

३/ गॉथिक कादंबरीचा आरंभच मुळी एका बतावणीने झाला. डिसेंबर १७६४ मध्ये होरेस वॉलपोल याने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' प्रसिद्ध केली, ती स्वतःच्या नावाने नव्हे. १५२९ साली नेपल्स येथे छापलेल्या, एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथालयात सापडलेल्या इटालियन ग्रंथाचा हा अनुवाद आहे, असे त्याने प्रस्तावनेत भासवले.

४/ पुस्तक गाजल्यावर १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने कर्तृत्व मान्य केले आणि मुखपृष्ठावर 'गॉथिक कथा' हे शब्द घातले. म्हणजे या साहित्यप्रकाराच्या जन्मापासूनच लेखक आणि वाचक यांच्यात एक अलिखित करार आहे: तुम्ही खरे मानल्यासारखे करा, मी खरे सांगितल्यासारखे करतो. हा करार खेळाचाच आहे.

५/ पुढील तीस वर्षांत या प्रकाराने इंग्लंडची वाचनालये भरून टाकली. १७९४ मध्ये अ‍ॅन रॅडक्लिफची 'द मिस्टरीज ऑफ उडोल्फो' आली, १७९६ मध्ये 'द मंक'. पडके मठ, भुयारे, बंद दालने, अत्याचारी सरदार आणि त्यांच्या तावडीत सापडलेल्या तरुणी. वाचकवर्गात तरुण मुली मोठ्या संख्येने होत्या; समाजाला चिंता वाटली ती त्यांचीच.

६/ या चिंतेला सर्वांत मार्मिक उत्तर दिले जेन ऑस्टिनने. 'नॉर्थँगर अ‍ॅबी'ची सतरा वर्षांची नायिका कॅथरीन वादळी रात्री एका जुन्या कपाटातून गुप्त हस्तलिखित हस्तगत करते. मेणबत्ती विझते, रात्र थरथरत सरते. सकाळी पाहते, तर ती धोब्याच्या हिशेबाची यादी! ऑस्टिन हसते खरी, पण कादंबऱ्या वाचणाऱ्यांची बाजू ती त्याच पुस्तकात ठामपणे मांडते.

७/ आता जून १८१६. आदल्या वर्षी इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता आणि युरोपात उन्हाळा उगवलाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीत पावसाने पाच जणांना कोंडून ठेवले: बायरन २८ वर्षांचा, शेली २३ चा, डॉक्टर पोलिडोरी २० चा, तर मेरी गॉडविन आणि क्लेअर क्लेअरमाँट अठरा-अठरा वर्षांच्या.

८/ जर्मन भुताखेतांच्या गोष्टींचा एक फ्रेंच अनुवाद मोठ्याने वाचणे हा त्यांचा विरंगुळा. मग बायरनने प्रस्ताव मांडला, प्रत्येकाने एक भयकथा रचावी. त्या पैजेतून मेरीची 'फ्रँकेन्स्टाइन' (१८१८) आणि पोलिडोरीची 'द व्हँपायर' (१८१९) निघाली. आधुनिक भयसाहित्याचे दोन महावृक्ष टेबलाभोवतीच्या एका खेळातून उगवले.

९/ त्याच मुक्कामात एका रात्री बायरनने एक कविता म्हणून दाखवली. ती ऐकता ऐकता शेली किंचाळत खोलीबाहेर धावला, अशी नोंद पोलिडोरीच्या दैनंदिनीत आहे. ती कविता होती 'क्रिस्टाबेल'. तिचा कवी? आईबापांना 'द मंक'पासून सावध करणारा तोच कोलरिज!

१०/ आणि १८१७ मध्ये याच कोलरिजने आपल्या 'बायोग्राफिया लिटरारिया' या ग्रंथात एक संकल्पना मांडली: अद्भुत काव्य वाचताना वाचक आपला अविश्वास स्वेच्छेने काही काळ बाजूला ठेवतो. यातील 'स्वेच्छेने' हा शब्द महत्त्वाचा. वाचक फसलेला नसतो. तो फसण्याचे सोंग जाणूनबुजून घेतो आणि केव्हाही त्यातून बाहेर पडू शकतो.

११/ दुसरा धागा प्रशियाच्या लष्करातून येतो. १८२४ मध्ये फॉन राइसवित्झ या अधिकाऱ्याने युद्धाभ्यासासाठी नकाशावरचा एक खेळ सिद्ध केला. त्यात पंच असे. खेळाडूला तेवढेच कळे, जेवढे त्याच्या सैन्याला दिसू शकले असते. उरलेले सर्व अंधारात. निकाल पंच आणि फासे मिळून देत.

१२/ युद्धखेळांची ही परंपरा विसाव्या शतकात अमेरिकेतील हौशी मंडळींपर्यंत पोहोचली. १९७० च्या दशकारंभी मिनेसोटातील डेव्ह आर्नेसनने सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका खेळाडूंना दिली आणि रणांगणाऐवजी 'ब्लॅकमूर' नावाचा किल्ला व त्याखालची भुयारे. ओट्रँटोचा किल्ला नव्या रूपात परतला होता.

१३/ जानेवारी १९७४ मध्ये आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' बाजारात आला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. प्रकाशनाचे गाव विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा. 'फ्रँकेन्स्टाइन' जिनिव्हाच्या सरोवराकाठी जन्मली, हा खेळ त्याच नावाच्या गावी. निव्वळ योगायोग, पण विसरू नये असा.

१४/ खेळाची रीत साधी. एक जण सूत्रधार, त्याला 'गेम मास्टर' म्हणतात. तो प्रसंग शब्दांत उभा करतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, निर्णय घेतात. जिथे यशाची खात्री नसते, तिथे फासा टाकतात. १९८३ मध्ये ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांनी 'रेव्हनलॉफ्ट' रचून या रीतीत धुक्याने वेढलेला किल्ला आणि ड्रॅक्युलाच्या वंशातला शोभावा असा सरदार आणला.

१५/ त्याच सुमारास भीतीची लाट उसळली. १९७९ मध्ये मिशिगनमधील विद्यापीठातून सोळा वर्षांचा एक विद्यार्थी नाहीसा झाला. हा खेळ खेळता खेळता तो विद्यापीठाखालच्या भुयारांत हरवला, असा तर्क वृत्तपत्रांनी उचलला. मुलगा पुढे सापडला. वर्षभरात त्याने जीवन संपवले. शोध घेणाऱ्या गुप्तहेरानेच १९८४ च्या पुस्तकात खेळ हे कारण नव्हते, असे लिहिले. पण तोवर दंतकथा रूढ झाली होती.

१६/ १९८२ मध्ये मुलगा गमावलेल्या पॅट्रिशिया पुलिंग यांनी पुढच्या वर्षी या खेळाविरुद्ध संघटना उभारली. त्यांचे दुःख खरे होते, निदान मात्र चुकीचे. लेखक मायकेल स्टॅकपोल यांनी १९९० च्या अहवालात त्यांच्या दाव्यांतील आकडे व पुरावे किती पोकळ आहेत ते दाखवले. मुले कल्पित आणि वास्तव यांतील भेद विसरतात, हा १७९७ चाच आरोप होता. 'स्वेच्छेने' हा शब्द पुन्हा एकदा नजरेआड झाला होता.

१७/ आणि आता चित्र उलटले आहे. इंग्लंडमध्ये २०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या जीसीएसई अभ्यासक्रमात एकोणिसाव्या शतकातील एक संपूर्ण कादंबरी सक्तीची आहे. एका प्रमुख परीक्षा मंडळाच्या यादीत 'फ्रँकेन्स्टाइन' आणि 'जेकिल अँड हाइड' दोन्ही आहेत. जे पुस्तक पूर्वी उशीखाली लपवले जाई, ते आता गुणांसाठी वाचावे लागते. डेन्मार्कमधील हॉब्रो येथे तर २००६ पासून भूमिकाखेळांतूनच शिकवणारी एक निवासी शाळा आहे.

१८/ मात्र वर्गात एक खरी अडचण उभी राहते. या खेळातील वीर दर डावागणिक बलवान होतो. गॉथिक कथेचे पात्र पानागणिक असहाय होते. हाती तलवार आणि मंत्र दिले, की पछाडलेला वाडा म्हणजे नुसती लुटीची जागा उरते. मग मुलांना मजा येते, पण रॅडक्लिफ कळत नाही.

१९/ यावरचा मार्ग १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू' या खेळात सापडतो. सँडी पीटरसन यांनी त्यात पात्रांच्या मनःस्वास्थ्याला गुण दिले. निषिद्ध ग्रंथ वाचला, की ज्ञान वाढते आणि ते गुण घटतात. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची सारी शोकांतिका या एका नियमात मावते. ज्ञानाची किंमत मोजावी लागते, हे मुलाला फळ्यावरून सांगावे लागत नाही. त्याच्याच कागदावरचे आकडे कमी होत जातात.

२०/ कॅथरीनचे कपाटही असेच शिकवता येते. सूत्रधार शिक्षक वादळ, मेणबत्ती, न फिरणारी किल्ली यांचे वर्णन करतो. मुले श्वास रोखून फासा टाकतात. आत निघते धोब्याची यादी. हशा ओसरला, की एकच प्रश्न: या कपाटात भीती ठेवली कोणी? उत्तर शोधताना वातावरणनिर्मिती म्हणजे काय, ते मुले स्वतःच सांगू लागतात.

२१/ सर्वांत कठीण प्रसंग मेरी शेलीचा. निर्मात्याने टाकून दिलेला तो अनामिक जीव महिनोन्‌महिने एका कुटुंबाला आडून पाहत बोलणे-वाचणे शिकतो. एके दिवशी घरात एकटा अंध म्हातारा असतो आणि तो दारावर थाप मारतो. म्हातारा त्याचे ऐकून घेतो. मग मुलगा परततो, ते रूप पाहतो आणि काठी उगारतो.

२२/ वर्गात कोणीतरी तो जीव होतो, कोणी म्हातारा, कोणी तो मुलगा. दार उघडे ठेवायचे की काठी उचलायची, हे येथे विद्यार्थ्याने ठरवायचे असते. टेबलावर दार कधी उघडे राहते, कधी नाही. त्यानंतर मुले कादंबरीकडे वळतात, ती मेरीने ते दार का बंद केले हे शोधण्यासाठी.

२३/ तो प्रसंग जिने कल्पिला, ती दिओदातीच्या टेबलाशी बसली तेव्हा या मुलांहून फार तर तीन-चार वर्षांनी मोठी होती. तिच्या हाती भयकथा पाहून कुणाचा तरी चेहरा पांढरा पडलाच असता. सुदैवाने त्या रात्री तिला कोणी अडवले नाही.

(समाप्त)