मनोरुग्णालयीन औषधव्यवस्था

मनोरुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांसाठी औषधांची निवड, साठवण व वितरण करणे, ती रुग्णाच्या पोटात प्रत्यक्ष जातात की नाही हे पाहणे आणि त्यांच्या इष्ट-अनिष्ट परिणामांवर लक्ष ठेवणे या सर्वांची एकत्रित व्यवस्था. या व्यवस्थेत वैद्य, परिचारिका व औषधनिर्माता या तिघांची कामे परस्परांत गुंतलेली असतात. पूर्वी औषधनिर्मात्याचे काम औषधे सिद्ध करून देण्यापुरते मर्यादित होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रुग्णशय्येपाशी येऊन औषधयोजनेचे परीक्षण करू लागला व त्यास रुग्णसेवी औषधनिर्माता असे वेगळे स्थान प्राप्त झाले. या परिवर्तनाचा इतिहास महाराष्ट्रातील जुन्या मनोरुग्णालयांच्या, विशेषतः रत्नागिरी येथील मनोरुग्णालयाच्या, संदर्भात पाहणे उद्‍बोधक ठरते.

पार्श्वभूमी : वेड्यांच्या आश्रयगृहांसंबंधीचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ मध्ये संमत झाला. मुंबई इलाख्यात कुलाबा, पुणे, अहमदाबाद, धारवाड इ. ठिकाणी अशी आश्रयगृहे होती. रत्नागिरी येथील आश्रयगृह १८८६ मध्ये स्थापन झाले. सह्याद्री व समुद्र यांमधील दक्षिण कोकणच्या चिंचोळ्या पट्टीतील रुग्णांना पुणे वा मुंबई गाठणे त्या काळी अत्यंत कष्टाचे होते. घाटवाट किंवा पावसाळ्यात बंद राहणारी आगबोट एवढीच साधने उपलब्ध असल्याने स्थानिक आश्रयगृहास विशेष महत्त्व होते. पुढे महाराष्ट्र राज्यात नागपूर (१८६४), ठाणे (१९०१), येरवडा (पुणे) व रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये शासनाच्या आरोग्य विभागाकडे आली. त्यांच्या मंजूर खाटांची संख्या अनुक्रमे ९४०, १,८५०, २,५४० व ३६५ अशी दीर्घकाळ राहिली. म्हणजे रत्नागिरीचे मनोरुग्णालय या चौघांत सर्वांत लहान होय.

प्रारंभीच्या आश्रयगृहांचा मुख्य हेतू रुग्णास समाजापासून वेगळे ठेवणे हा होता. औषधोपचारास त्यात दुय्यम स्थान होते. १९१२ च्या भारतीय वेड-अधिनियमानंतर या संस्था तुरुंग खात्याच्या देखरेखीतून निघून वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आल्या, आणि १९२० नंतरच्या काही वर्षांत ‘आश्रयगृह’ हे नाव जाऊन ‘मनोरुग्णालय’ हे नाव रूढ झाले. नाव बदलले, तरी औषधांचे कपाट फारसे बदलले नव्हते.

शामक औषधांचा काळ : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरुग्णांसाठी वापरली जाणारी बहुतेक औषधे निद्राजनक वा शामक होती. पोटॅशियम ब्रोमाइड अपस्मारावर १८५७ पासून, क्लोरल हायड्रेट निद्राजनक म्हणून १८६९ पासून व पॅराल्डिहाइड १८८२ पासून प्रचारात आले. बार्बिट्युरेट गटातील पहिले औषध बार्बिटल १९०३ मध्ये व फिनोबार्बिटल १९१२ मध्ये उपलब्ध झाले. अफू, मॉर्फीन व हायोसीन यांचाही वापर होई. ही औषधे मिश्रणाच्या रूपाने बाटलीत भरून देण्याचे काम कंपाउंडर अथवा मिश्रक करीत असे. वैद्याच्या चिठ्ठीप्रमाणे द्रव्ये तोलणे, पाण्यात विरघळविणे व बाटलीवर मात्रांच्या खुणा करणे हे त्याचे कौशल्य. पॅराल्डिहाइडाचा उग्र वास रुग्णाच्या श्वासालाही येत असल्याने तो वास हीच जुन्या मनोरुग्णालयांची ओळख बनली होती.

या औषधांनी रुग्ण शांत होई, परंतु आजार बरा होत नसे. शिवाय ब्रोमाइड शरीरात साठत जाते व दीर्घकाळ दिल्यास स्वतःच गुंगी, भ्रम व संभ्रम उत्पन्न करते. अशा रुग्णाचे लक्षण आजाराचे की औषधाचे, हे ठरविण्यासाठी त्यास कोणते द्रव्य किती दिवस मिळाले याची नोंद आवश्यक असते. नोंदींच्या विश्वासार्हतेचा प्रश्न त्या काळीच पुढे आला होता. भारतीय भांग-गांजा आयोगाने (१८९३–९४) गांजामुळे वेड लागते या समजुतीची शहानिशा करताना देशातील आश्रयगृहांत १८९२ मध्ये दाखल झालेल्या रुग्णांची प्रकरणे तपासली. नोंदवहीत आजाराचे कारण म्हणून ‘गांजा’ असे लिहिलेले असले, तरी अनेक प्रकरणी त्यास पुरेसा आधार नसल्याचे आयोगास आढळून आले.

सर्पगंधा व आधुनिक औषधांचा उदय : मनोविकारांवरील औषधोपचाराच्या इतिहासात भारताचा वाटा सर्पगंधा या वनस्पतीमुळे महत्त्वाचा ठरतो. कोकण व पश्चिम घाट या प्रदेशांतही आढळणाऱ्या या झुडपाची मुळे पारंपरिक वैद्यकात निद्रानाश व वेड यांवर वापरली जात. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये या मुळांचा उन्माद व वाढलेला रक्तदाब यांवरील परिणाम प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्ली येथे सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत सिद्दीकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली. मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील (१९११–७४) यांचा रक्तदाबावरील निबंध १९४९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे केले व १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरील त्याचे परिणाम प्रसिद्ध केले. तथापि रिसर्पिनामुळे काही रुग्णांना तीव्र विषण्णता येते असे आढळल्याने मनोविकारांवरील त्याचा वापर मागे पडला. १९९० पासून सर्पगंधेच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

याच दशकात क्लोरप्रोमॅझीन (१९५२), इमिप्रॅमीन (१९५७) व हॅलोपेरिडॉल (१९५८) ही औषधे पुढे आली. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी लिथियमाचा उन्मादावरील गुण १९४९ मध्ये दाखवून दिला होता. या औषधांमुळे छिन्नमनस्कता व उन्माद-अवसाद विकृती यांनी ग्रस्त असलेले अनेक रुग्ण प्रथमच घरी परतण्याइतके सुधारू लागले. परंतु नवी औषधे जितकी गुणकारी, तितकीच काटेकोर होती. क्लोरप्रोमॅझीन व हॅलोपेरिडॉल यांमुळे हातापायांचा कंप, ताठरता व अस्वस्थता उद्भवते. दीर्घ वापरानंतर तोंड व जीभ यांच्या अनैच्छिक हालचाली सुरू होतात व त्या कधीकधी कायमच्या राहतात. लिथियमाची रक्तातील पातळी साधारणतः दर लिटरला ०·६ ते १·० मिलिमोल असावी लागते. १·५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. औषध व विष यांत इतके थोडे अंतर असल्यामुळे केवळ चिठ्ठीबरहुकूम गोळ्या मोजून देणे पुरेसे राहिले नाही.

औषधनिर्मात्याची बदलती भूमिका : औषधव्यवसायाला भारतात कायद्याची चौकट १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम व १९४८ चा औषधव्यवसाय अधिनियम यांनी दिली. त्यामुळे अनुभवावर तयार झालेल्या मिश्रकाची जागा पदविकाधारक व नोंदणीकृत औषधनिर्मात्याने घेतली. मात्र शासकीय रुग्णालयांत त्याचे काम प्रामुख्याने भांडाराशीच निगडित राहिले : मागणीपत्रे, साठानोंदी, मुदतबाह्य औषधे व बाह्यरुग्ण खिडकीवरील वितरण. १९८५ च्या गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमाने या नोंदींत आणखी भर पडली.

अमेरिकेत १९६० नंतरच्या दशकात औषधनिर्मात्यास रुग्णकक्षात नेमण्याचे प्रयोग सुरू झाले. सॅन फ्रॅन्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयातील १९६६ चा प्रयोग त्यांत प्रसिद्ध आहे. मानसोपचार ही औषधव्यवसायाची स्वतंत्र विशेषशाखा म्हणून तेथे १९९२ मध्ये मान्य झाली. लंडनमधील मॉड्‌स्ली रुग्णालयात औषधनिर्माता डेव्हिड टेलर व त्यांचे सहकारी यांनी १९९४ पासून प्रसिद्ध केलेली औषधयोजनेची मार्गदर्शिका जगभरातील मानसोपचारतज्ज्ञ वापरतात. भारतात २००८ मध्ये सहा वर्षांचा डॉक्टर ऑफ फार्मसी हा अभ्यासक्रम सुरू झाला व त्यात एका वर्षाची रुग्णालयीन उमेदवारी अंतर्भूत करण्यात आली. २०१५ च्या विनियमांनी औषधयोजनेचे पुनरावलोकन व रुग्णास समुपदेशन ही कामे औषधव्यवसायाचा भाग म्हणून मान्य केली. कायद्याने ही वाट मोकळी केली असली, तरी मनोरुग्णालयाच्या कक्षात नियमितपणे बसणारा औषधनिर्माता भारतात अद्याप विरळाच आढळतो.

कार्यपद्धती : रुग्ण दाखल होताच तो पूर्वी कोणती औषधे घेत होता याची यादी करणे हे रुग्णसेवी औषधनिर्मात्याचे पहिले काम असते. नातेवाइकांनी आणलेल्या रिकाम्या पाकिटांवरून, जुन्या चिठ्ठ्यांवरून व त्यांच्याशी बोलून ही यादी तयार होते. तीत मधुमेह, क्षय, अपस्मार इ. शारीरिक विकारांवरील औषधे व गावठी उपचारही नोंदविले जातात. पुष्कळदा औषधाचा गुण येत नाही असे वाटणाऱ्या रुग्णाने ते औषध महिनोन्‌महिने घेतलेलेच नसते, आणि ही गोष्ट न कळल्यास मात्रा विनाकारण वाढविली जाते.

दुसरे काम मात्रांची बेरीज करण्याचे होय. क्लोरप्रोमॅझिनाच्या १०० मिग्रॅ. मात्रेशी हॅलोपेरिडॉलाची सु. २ मिग्रॅ. मात्रा तुल्य मानतात. त्यामुळे रोज ६०० मिग्रॅ. क्लोरप्रोमॅझीन व १० मिग्रॅ. हॅलोपेरिडॉल घेणाऱ्या रुग्णास प्रत्यक्षात सु. १,१०० मिग्रॅ. क्लोरप्रोमॅझिनाइतके औषध मिळत असते. प्रत्येक चिठ्ठी वेगळी पाहिली तर ती मर्यादेत दिसते, परंतु बेरीज मर्यादेबाहेर जाते. दोन किंवा चार आठवड्यांनी दिले जाणारे फ्ल्यूफेनाझिनासारखे दीर्घप्रभावी अंतःक्षेपण या बेरजेत विसरले जाण्याचा संभव असतो.

तिसरे काम औषधांच्या परस्परक्रियांवर लक्ष ठेवण्याचे. कार्बामाझेपीन दिल्यास हॅलोपेरिडॉलाची रक्तातील पातळी उतरते. लिथियम घेणाऱ्यास आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामके किंवा थायाझाइड गटातील मूत्रल औषधे दिल्यास लिथियमाची पातळी वाढते. क्लोझॅपिनाच्या बाबतीत धूम्रपानही विचारात घ्यावे लागते. विडीच्या धुरामुळे यकृतातील त्याचे विघटन जलद होते. साहजिकच रुग्णालयात विडी बंद झाली, की पूर्वीच्याच मात्रेने पातळी चढते. तंबाखू चघळणाऱ्यास किंवा मशेरी लावणाऱ्यास हे लागू पडत नाही, कारण हा परिणाम निकोटिनाचा नसून धुराचा असतो. क्लोझॅपिनामुळे रक्तातील पांढऱ्या कोशिका धोकादायक प्रमाणात घटण्याचा संभव असतो. १९७५ मध्ये फिनलंडमधील मृत्यूंनंतर हे औषध मागे घेण्यात आले होते व नियमित रक्ततपासणीच्या अटीवरच ते पुन्हा प्रचारात आले. प्रारंभीचे १८ आठवडे दर आठवड्यास तपासणी करण्याची पद्धत अनेक देशांत रूढ झाली. ही तारीख चुकू न देणे, हे वैद्याइतकेच औषधनिर्मात्याचेही दायित्व ठरते.

कोकणातील विशेष प्रश्न : रत्नागिरी येथे वर्षाला सरासरी ३,००० मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडतो व हवा बाराही महिने दमट असते. सोडियम व्हॅल्प्रोएट हे द्रव्य हवेतील बाष्प झपाट्याने शोषून घेते. त्याच्या गोळ्या पाकिटातून काढून डब्यात ओतून ठेवल्यास त्या ओलसर होऊन बिघडतात. यास्तव घेण्याच्या वेळेपर्यंत त्या मूळ वेष्टनातच ठेवाव्या लागतात. क्लोरप्रोमॅझीन प्रकाशाने काळवंडते. ते घेणाऱ्या रुग्णाची त्वचाही उन्हाने लवकर भाजते, त्यामुळे बागकाम वा इतर मैदानी कामे करणाऱ्या रुग्णांना सावलीची गरज असते. कंप कमी करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलामुळे घाम कमी येतो व एप्रिल-मेच्या उकाड्यात उष्माघाताचा धोका वाढतो. याउलट लिथियम घेणाऱ्याचा घाम अतिशय गेल्यास अथवा त्यास जुलाब झाल्यास शरीरातील पाणी व मीठ घटून लिथियम साठू लागते. म्हणून उन्हाळ्यात अशा रुग्णांचे पाणी, आहार व रक्तपातळी यांकडे अधिक लक्ष पुरवावे लागते.

रुग्णास घरी पाठविताना हे प्रश्न संपत नाहीत. औषध थांबल्यास आजार उलटतो व तोच रुग्ण पुन्हा दाखल होतो. कोकणातील अनेक घरांतील कर्ती माणसे मुंबईत असतात व रुग्णाची औषधे वृद्ध आई किंवा भावजय यांच्या हाती असतात. अशा वेळी रोज तीन वेळा घ्यावयाच्या पाच गोळ्यांऐवजी रात्रीची एक वा दोन औषधे ठेवता येतील काय, हे पाहणे आणि घरच्यांना मात्रा, वेळ व धोक्याची लक्षणे मराठीत समजावून सांगणे यांस मोठे महत्त्व आहे. १९९६ पासून राबविल्या जाणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा उद्देशही उपचार रुग्णाच्या गावाजवळ नेणे हाच आहे.

कायदा व रुग्णाचे हक्क : १९१२ च्या अधिनियमाची जागा १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने घेतली (अंमल १९९३ पासून). त्यानंतरचा २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम मे २०१८ मध्ये अंमलात आला. रुग्णास साखळदंडाने बांधण्यास व भूल न देता विद्युत्-आघात उपचार करण्यास या अधिनियमाने मनाई केली आहे. आवश्यक औषधांच्या सूचीतील औषधे शासकीय संस्थांत विनामूल्य मिळण्याचा आणि योजिलेल्या उपचारांची, त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांसह, माहिती मिळण्याचा रुग्णाचा हक्क त्यात मान्य केला आहे.

साखळदंड डोळ्यांना दिसतो, पण अतिरिक्त मात्रेने आलेली गुंगी व ताठरता सहज दिसून येत नाही. ती आजाराचीच लक्षणे समजली जाण्याचा धोका असतो, व स्वतःची व्यथा सांगता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तो सर्वाधिक असतो. औषधाने रुग्ण केवळ शांत झाला की बरा होऊ लागला, हा प्रश्न ब्रोमाइडाच्या काळापासून मनोरुग्णालयांपुढे आहे. प्रत्येक रुग्णाच्या औषधांची वेळोवेळी पुन्हा तपासणी करून, अनावश्यक ठरलेले औषध कमी करण्याचे सुचविणे हे रुग्णसेवी औषधनिर्मात्याचे कार्य म्हणूनच त्या हक्कांच्या रक्षणाचे एक साधन होय.