पुठ्ठ्याची चांदी

मागच्या भागात आपण आकाशकंदिलाच्या कामट्यांवर बोललो, तर दुसऱ्याच दिवशी एका गटातून फोन आला. "बाई, नाताळाची ऑर्डर आलीय. पुठ्ठ्याच्या चांदण्या करून त्यांना चमकी लावायची आहे. ते कसं करायचं तेही सांगा." सांगणार आहे, पण आज नाही. मी पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, ती खोड जात नाही. तेव्हा आज कात्री बाजूला ठेवा, शेंगा फोडत ऐका. पुठ्ठ्याला चमक लावून विकण्याचा धंदा पहिल्यांदा जोरात चालला तो कुठे, आणि तो कोणाच्या हातांनी चालला, हे आज ऐकू या.

जर्मनीत एल्बे नदीच्या काठी ड्रेस्डेन नावाचं शहर आहे. 1880 च्या सुमारास, म्हणजे इकडे टिळक-आगरकर 'केसरी' काढत होते त्याच काळात, या शहरात आणि शेजारच्या लाइपझिगमध्ये पुठ्ठ्याचे छोटे दागिने तयार व्हायला लागले. अंगावर घालायचे नव्हेत, नाताळाच्या झाडावर टांगायचे. तेव्हा झाडावर विजेच्या माळा नव्हत्या, खऱ्या मेणबत्त्या लावायचे. त्या उजेडात लखलखेल असं काहीतरी फांदीला हवं. श्रीमंताकडे चांदी असते, बाकीच्यांनी काय टांगावं? तर पुठ्ठा.

पण कसा पुठ्ठा! तो आधी दमट करून मऊ करायचा. मग साच्याच्या दोन भागांत, एक खोलगट आणि एक फुगीर, घालून दाबायचा. आपण करंजीच्या साच्यात पारी दाबतो तसंच, फक्त इथे यंत्राचा जोर. साचा इतका बारीक कोरलेला की माशाचं खवलं न् खवलं, घोड्याच्या आयाळीचा केस न् केस पुठ्ठ्यावर उठायचा. उजवी बाजू वेगळी, डावी वेगळी. दोन्ही कापून काढायच्या, कडेला कड लावून चिकटवायच्या, की आतून पोकळ, बाहेरून भरीव दिसणारा उंट तयार. वरून सोनेरी किंवा रुपेरी मुलामा, कुठे रंगाचा हात. बोटभर, फार तर वीतभर उंची. मासे, मोर, चंद्रकोर, शिडाची जहाजं, घोडे जुंपलेली बग्गी. काहींच्या पोटात गोळ्या-खाऊ ठेवायची जागासुद्धा. बघणाऱ्याला धातूच वाटावा, हातात घेतल्यावर वजन लागत नाही म्हणून फसवणूक कळावी. आजही त्यांना 'ड्रेस्डेन' याच नावाने ओळखतात, आणि जपून राहिलेला एखादा नग लिलावात शेकडो डॉलरला जातो, क्वचित हजारांनाही.

आता मुद्द्यावर येते. साच्यात दाबायचं काम कारखान्यात, कारण यंत्र तिथे. पण कापायचं, कडा जुळवायच्या, चिकटवायचं, रंगाचा हात द्यायचा, दोरा ओवायचा, ही सगळी हाताची कामं घरोघर जायची. जर्मनीतल्या त्या पट्ट्यात असं घरचं काम कितीतरी होतं. झेब्निट्स गावात कापडी फुलं, झोनेबर्गला बाहुल्या आणि खेळणी. माल घरी आणून द्यायचा किंवा आपण जाऊन आणायचा, ठरल्या दिवशी पोचवायचा, पैसे नगावर. सण जवळ आला की स्वयंपाकाचं टेबल म्हणजेच कारखाना. आई चिकटवते, आजी वाळत घालते, पोरं शाळेतून आली की दोरे ओवतात. झोनेबर्गच्या बाहुलीवाल्या घरांतल्या मुलांच्या कामाबद्दल तर त्या काळीच बरंच लिहिलं गेलं. सोलापूरकडच्या ज्या मैत्रिणी बिडी वळत मोठ्या झाल्या, त्यांना हे चित्र मी वेगळं सांगायला नको. पत्ती-तंबाखूच्या जागी पुठ्ठा घाला, झालं.

आणि चमकी? आज आपण पुडीतून भुरभुरतो ती प्लॅस्टिकची, फार जुनी नव्हे. तेव्हाची चमकी दोन प्रकारची. एक काचेची: पातळ फुगवलेली काच चुरायची आणि सरस लावलेल्या जागेवर टाकायची. बर्फ पडल्यासारखा अस्सल झगमगाट व्हायचा, पण काच ती काच, बोटांनाही कळायची. दुसरी अभ्रकाची. अभ्रक म्हटलं की आपल्याच देशाचं नाव घ्यावं लागतं. तेव्हाच्या बिहारात, आताच्या झारखंडात, कोडर्मा आणि गिरिडीहच्या खाणींतून अभ्रक जगभर जायचं. त्याचे पापुद्रे एकेक करून सोडवायचं काम बायका आणि मुलंच करायची. आजही तिथे टाकाऊ ढिगांतून अभ्रकाचे तुकडे वेचणाऱ्या बायका-मुलं आहेत. त्यांच्या भाषेत त्याला 'ढिबरा' म्हणतात, आणि तो दळून चेहऱ्याच्या चमकदार पावडरींत आणि गाडीच्या रंगात जातो. चमकणारी वस्तू हातात आली की मला हल्ली ते ढीग आठवतात. असो.

हा माल विकला कुठे जायचा? जर्मनीत तर होताच, पण मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथे 1879 पासून वूलवर्थ नावाच्या माणसाची दुकानं निघाली होती, प्रत्येक वस्तू पाच सेंट नाहीतर दहा सेंट. जर्मनीतला नाताळाचा माल त्या दुकानांत ढिगाने विकला जायचा. आता पाटीवर मांडून बघा. दुकानात पाच सेंटला विकायची वस्तू. त्यातून दुकानदाराचा नफा काढा, जहाजाचं भाडं काढा, व्यापाऱ्याचा, दलालाचा, कारखानदाराचा वाटा काढा. तळाला जे उरेल ते चिकटवणारीचं, आणि खळही तिचीच. किंमत वरून ठरते तेव्हा मजुरी उरलेल्या चुऱ्यातून निघते.

हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण दिसत नव्हतं, कारण कारखान्याची भिंत तरी रस्त्यावरून दिसते, स्वयंपाकघर दिसत नाही. म्हणून 1906 च्या सुरुवातीला बर्लिन शहरात एक प्रदर्शन भरवलं गेलं. प्रदर्शन म्हटलं की आपल्याला सरस आठवतं: स्टॉल, पापड, लोणची, वर गटाचं नाव आणि किंमत. इथे विकायला काहीच नव्हतं. घरी बसून केलेल्या वस्तू मांडल्या होत्या, आणि प्रत्येकीला एक चिठ्ठी. ही करायला किती वेळ लागतो, ही केल्याबद्दल किती मिळतं, म्हणजे तासाला किती पडतं. बस्स. भाषण नाही, घोषणा नाही. गेल्याच महिन्यात आपण नाताळाला घरी जे टांगलं, तशा वस्तू समोर आणि खाली तासाचा हिशेब. येणाऱ्या बायकांना काय वाटलं असेल!

या प्रदर्शनाचं पोस्टर केटे कोल्विट्स या चित्रकर्तीने केलं होतं. त्यात ना वस्तू, ना सजावट. फक्त एका कामकरी बाईचा चेहरा, डोळ्यांखाली जागरण साचलेला. जर्मनीची सम्राज्ञी प्रदर्शन बघायला येणार होती. ते पोस्टर हटवल्याशिवाय मी येणार नाही, असं तिने कळवलं. वर्गात हे सांगितलं की एखादी मुलगी हमखास विचारायची, "बाई, चित्राला एवढं काय घाबरायचं?" उत्तर मी कधी दिलं नाही, तुम्हालाही देत नाही.

बर्लिनचं बघून त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये 'डेली न्यूज' या वर्तमानपत्राने तसंच प्रदर्शन भरवलं. तिथे एक पाऊल पुढे: वस्तूच नव्हे, त्या करणाऱ्या बायकाही सभागृहात बसून लोकांसमोर काम करत होत्या. त्यात काड्यापेटीच्या डब्या करणाऱ्या होत्या. 144 डब्यांमागे मजुरी सव्वादोन ते अडीच पेनी, आणि चिकटवायची खळ ज्याची त्याने आणायची. एक डबी म्हणजे घडी घालणं, चिठ्ठी चिकटवणं, आतला खण बसवणं, वाळवणं. अशा 144. सुमारे 30 हजार लोक हे बघून गेले.

पुढे काय झालं? कायदा झाला, हे तसं दुर्मीळच. 1909 साली इंग्लंडच्या संसदेने मजुरी-मंडळांचा कायदा केला. तो मांडला विन्स्टन चर्चिल यांनी, पुढे पंतप्रधान झाले तेच. मंडळात मालकांचे आणि कामगारांचे सारखे प्रतिनिधी, शिवाय काही तटस्थ माणसं, आणि त्यांनी मिळून कमीत कमी दर ठरवायचा. सुरुवातीला फक्त चार धंदे घेतले: तयार कपडे शिवणं, लेसचं हातकाम, लोखंडी साखळ्या घडवणं, आणि चौथा, लक्ष द्या, कागद-पुठ्ठ्याचे डबे करणं. आपला पुठ्ठा!

कागदावरचा दर हातात यायला मात्र भांडावं लागलं. क्रॅडली हीथ गावच्या साखळ्या घडवणाऱ्या बायकांसाठी मंडळाने तासाला अडीच पेनी दर ठरवला. मालकांनी बायकांच्या सह्या घेतल्या की हा वाढीव दर आम्हाला सध्या नको. अनेकींना वाचता येत नव्हतं, आपण कशावर सही केली ते त्यांना नंतर कळलं. मग 1910 साली मेरी मॅकआर्थर या कार्यकर्तीच्या पुढाकाराने त्या दहा आठवडे संपावर गेल्या आणि दर घेऊनच परतल्या. जर्मनीत चाल धीमी राहिली. 1911 साली घरकाम करणाऱ्यांसाठी कायदा आला, पण दर ठरवायचा अधिकार त्यात नव्हता, तो यायला 1923 उजाडलं. आपल्याकडे 1948 च्या किमान वेतन कायद्याने माल घरी नेऊन काम करणारीलाही कामगार म्हणून मोजलं, आणि 1966 च्या बिडी कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बायकांना.

दरम्यान महायुद्ध आलं आणि ड्रेस्डेनच्या पुठ्ठ्याची चमक ओसरली. पुढच्या वीस वर्षांत अमेरिकेच्या बाजारात जपानहून पुठ्ठ्याची इवलीशी घरं यायला लागली. छपरावर चमकीचा बर्फ, खिडकीला रंगीत पारदर्शक कागद, मागे दिव्यासाठी भोक. तीही घराघरांतल्या हातांनीच केलेली. म्हणजे काम संपलं नव्हतं, फक्त त्याने घर बदललं होतं.

आता आमच्या गटाचं सांगते, आणि यात कुणाचं नाव घेणार नाही. 2018 साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा पुठ्ठ्याच्या मखरांना एकदम मागणी आली. आम्हाला तालुक्याच्या एका दुकानदाराने चाळीस मखरांची ऑर्डर दिली. आम्ही आनंदाने उडालोच. पुठ्ठा, बेगड, चमकी, खळीचा मैदा असा सगळा खर्च मांडला, वर थोडे पैसे धरले, दर सांगून मोकळ्या झालो. पाऊस जोराचा, खळ वाळेना. रात्री चुलीच्या उबेला मखरं ठेवून बसायचो. सहा मखरांची चमकी गळते म्हणून त्याने परत पाठवली, बिडीत छाट काढतात तशी. शेवटी पैसे वाटले तेव्हा आमच्यातली सगळ्यात तरुण सून म्हणाली, "रोजगार हमीवर गेले असते तर यापेक्षा जास्त आले असते." सगळ्या गप्प. आमच्या वहीत मैद्याचा रकाना होता, रात्रींचा नव्हता.

त्यानंतर वहीत तासांचा रकाना घातला. मीच बर्लिनची गोष्ट सांगून म्हटलं, मखराच्या मागे तासांची चिठ्ठी चिकटवू या. त्यावरून अजून भांडण चालू आहे. एकीचं म्हणणं, गिऱ्हाइकाला सणाच्या वस्तूवर आपलं रडगाणं नको. दुसरी म्हणते, किंमत लिहिलेली चालते मग वेळ लिहिलेली का नाही? मला दोघींचंही थोडं थोडं पटतं. तुमच्या गटात काय वाटतं ते केंद्रावर फोन करून सांगा, पुढच्या भागात वाचून दाखवू.

ज्यांची चांदण्यांची ऑर्डर आहे त्यांच्यासाठी: पुढच्या बुधवारी याच वेळी कात्री घेऊन बसा. जुन्या खोक्याचा पुठ्ठा दोन पदरी, एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे चांदणीचं टोक वाकत नाही. सध्या शहरात म्हणे पुठ्ठ्याचा तपकिरी रंग दिसलेलाच लोकांना आवडतो, गावठी वाटतो म्हणून. ड्रेस्डेनच्या बायकांचा जन्म तो रंग झाकण्यात गेला! तेव्हा चमकी फक्त कडेला लावू, मालही कमी लागेल. आणि पहिली चांदणी करताना घड्याळ समोर ठेवा.