शंभर रुपयांचा मुचलका ते दहा-नऊ-आठ

शेजारचं पोर रोज रडतं, अंगावर वळ दिसतात, नाहीतर पंधराव्या वर्षी मुलीची सुपारी फुटते. आपल्याला सगळं कळतं. पण ‘दुसऱ्याच्या घरात आपण कशाला पडा’ म्हणून आपण गप्प बसतो. आमच्या गटातही असंच झालं. पोरगी शाळेतून गळाली, आणि आम्ही बोललो ते तिच्या अक्षता पडल्यावर. ती चुटपूट अजून जात नाही.

बोलणाऱ्यालाच अडचण, असं एके काळी कायद्यातही होतं. हरबिलास सारडा यांच्या खटपटीनं १९२९ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. मुलीचं वय १४ ठरलं. पण तक्रार कोणीतरी कोर्टात जाऊन करायची, तीही लग्नानंतर वर्षाच्या आत. वर तक्रारदाराकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा मुचलका लिहून घेत. तक्रार खोटी ठरली, तर त्यातून भरपाई! मजुरीला जाणाऱ्या बाईनं ही हमी कुठून द्यावी?

पुढे वारं फिरलं. १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून, जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावरच्या मुलांसाठी फोनसेवा सुरू केली. नंबर १०९८. दहा, नऊ, आठ अशी उलटी मोजणी, अक्षरओळख नसलेल्या पोरालाही पाठ होईल अशी. आज तीच सेवा सरकार चालवतं. फोन फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो.

२००६ च्या कायद्यानं ठरलेला बालविवाह आधीच थांबवायची वाट मोकळी केली. आपल्या महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी.

मग २०१२ साली पोक्सो कायदा आला आणि गणितच उलटं झालं. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होईल अशी धास्ती वाटली, तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक. लपवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर मात्र कसली कारवाई नाही.

म्हणजे पूर्वी हमी बोलणाऱ्यानं द्यायची. आता जाब गप्प बसणाऱ्याला.

तेव्हा बायांनो, पुरावा गोळा करत बसू नका. तपास करणं त्यांचं काम, कळवणं आपलं. पोराला खोदून खोदून विचारू नका, त्याचं नाव गावभर करू नका. संशय आला की दहा-नऊ-आठ फिरवा. अक्षता पडायच्या आधी.