मंडालेचा उरलेला राजवाडा

मंडालेच्या रुंद खंदकावरील पूल ओलांडून, पूर्वेकडील वेशीतून आत शिरल्यावर जो राजवाडा आज दृष्टीस पडतो, तो १९८९ नंतर बांधावयास काढलेला आहे. मूळ वास्तू १९४५ च्या मार्च महिन्यात जळून भस्मसात झाली, आणि नव्या वास्तूत सागवानाची जागा पुष्कळ ठिकाणी काँक्रीटने व पन्हळी पत्र्याने घेतली आहे. ज्याला ब्रह्मी राजाचा खरा महाल पाहावयाचा असेल, त्याने तटाबाहेर ईशान्येस, टेकडीच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या श्वेनानदॉ विहाराकडे पावले वळवावीत. कारण मिंडॉन राजाच्या निवासापैकी जे एक दालन राजवाडा सोडून भिक्षूंच्या स्वाधीन झाले, तेवढेच काय ते अग्नीच्या तडाख्यातून बचावले.

ब्रह्मदेशात स्तूपाला वीट आणि वसतीला लाकूड, मग ती वसती राजाची असो वा भिक्षूची, ही रीत फार जुनी आहे. लाकडी वास्तू उकलता येते, वाहून नेता येते, पुन्हा जुळविता येते. आणि राजधान्या वारंवार हलविणाऱ्या तेथील राजांनी या गुणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. १८५२ च्या युद्धात समुद्रकिनाऱ्याकडील समृद्ध मुलूख इंग्रजांनी घशात घातल्यावर, उरलेल्या राज्याला नवे मध्यस्थान देण्यासाठी मिंडॉनने १८५७ मध्ये मंडालेची पायाभरणी केली, तेव्हा जवळच्या अमरपुरातील महाल उकलून त्यांचे खांब आणि तुळया हत्तींकरवी येथे आणविण्यात आल्या. प्रत्येक बाजू सुमारे २ किलोमीटर लांबीची असा चौरस तट, त्याला १२ वेशी, भोवती खंदक, आणि मध्यभागी उंच जोत्यावर सागवानी प्रासाद, असा त्या नगराचा थाट होता. मिंडॉन केवळ नगररचनाकार नव्हता. संपूर्ण पाली त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवून घेऊन, प्रत्येक शिलेवर स्वतंत्र छत्री उभारणारा, आणि १८७१ मध्ये पाचवी धर्मसंगीती भरविणारा तो राजा होता. दगडावर ग्रंथ लिहविणाऱ्या या राजाने स्वतःला राहावयाला मात्र लाकूडच पसंत केले, याचे मला मोठे नवल वाटते, आणि आदरही.

१८७८ मध्ये मिंडॉन निवर्तला तो पुढे श्वेनानदॉ विहार झालेल्या दालनात. त्याचा पुत्र थिबा विहारात पाली शिकून परीक्षा उत्तीर्ण झालेला, स्वभावाने सौम्य. परंतु त्याच्या कारकीर्दीच्या आरंभीच, १८७९ मध्ये, गादीवर हक्क सांगू शकतील अशा अनेक आप्तांची दरबारी कारस्थानातून हत्या झाली, आणि तो कलंक त्याच्या नावाला कायमचा चिकटला. पित्याच्या मृत्यूने अशुभ ठरलेले ते दालन थिबाने उकलविले आणि तटाबाहेर विहार म्हणून पुन्हा उभारून धर्माला अर्पण केले. पित्याचा आत्मा तेथे वावरतो या धास्तीने तसे केले, अशीही आख्यायिका आहे. हेतू भीतीचा असो वा पुण्याचा, त्यामुळे पुढल्या पिढ्यांवर जो उपकार घडला तो सारखाच.

कारण यानंतर त्या राज्याचे आयुष्य थोडकेच उरले होते. मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने राजाच्या सागवानी जंगलांचे मक्ते घेतले होते. तोडलेल्या ओंडक्यांची नोंद कमी दाखवून राजाचे देणे बुडविले, असा ठपका ठेवून मंडालेच्या राजसभेने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला, आणि इंग्रज सरकारला हवे असलेले निमित्त आयते मिळाले. नोव्हेंबरच्या मध्यावर फौज इरावतीतून निघाली आणि महिना संपण्यापूर्वी राजा कैद झाला. १ जानेवारी १८८६ रोजी त्याचे राज्य खालसा झाले, आणि मद्रासमार्गे त्याची रवानगी झाली ती आपल्या रत्नागिरीस, जेथे त्याने तनख्यावर तीस वर्षे काढली. त्याच्यासाठी बांधलेला तेथील वाडा १९१० मध्ये पुरा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस रत्नागिरीचे सुपुत्र लोकमान्य टिळक मंडालेच्या तटाआतील तुरुंगात, लाकडी कोठडीत बसून, 'गीतारहस्य' लिहीत होते. थिबा १९१६ मध्ये रत्नागिरीसच वारला, आणि त्याची समाधीही तेथेच आहे.

इकडे मंडालेच्या तटाला फोर्ट डफरिन हे नाव मिळाले, राजाच्या दालनांत गोऱ्या साहेबांचा क्लब भरू लागला, आणि तो तेथून हलविण्याचा हुकूम अखेर लॉर्ड कर्झनला काढावा लागला. राजसभेतील सिंहासन कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले; दूर नेल्यामुळेच तेही वाचले, आणि १९४८ मध्ये स्वतंत्र झालेल्या ब्रह्मदेशाला परत मिळाले. राजवाडा मात्र जागच्या जागी उभा होता, आणि दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजेने तटाचा आश्रय घेतला असता दोस्तांच्या तोफा व विमाने यांच्या माऱ्यात तो नष्ट झाला. टांकसाळ आणि टेहळणीचा मनोरा एवढेच मागे राहिले.

म्हणून श्वेनानदॉत घाईने शिरू नये. प्रथम बाहेरून प्रदक्षिणा घालावी: एकेकाळी सोन्याच्या वर्खाने मढविलेली भिंत पाऊस आणि उन्हाने पार काळवंडली आहे, परंतु छपरांच्या कडा, दारांच्या चौकटी आणि कठडे यांवर सुतारांनी कोरलेली नक्षी इतकी दाट आहे की रिकामी फळी शोधावी लागते. मग आत जावे, जेथे छत आणि प्रचंड खांबांवर मुलामा अद्याप टिकून आहे व जातककथांची शिल्पे आहेत. सबंध राजवाडा कसा झळाळत असेल, याचा अंदाज या एका दालनावरूनच बांधता येतो. खांब कुजतात, नक्षीचे तुकडे निखळतात, आणि गेल्या दशकापासून येथे जीर्णोद्धाराचे काम हाती घेतलेले आहे. २०२५ च्या भूकंपाने तटाची व नव्या राजवाड्याची पडझड केली, त्यामुळे तर या कामाची निकड मला अधिकच भासते. कारण काँक्रीटचा राजवाडा पुन्हा उभारता येईल, परंतु मिंडॉनच्या सुतारांचा हात ज्यावर फिरला आहे असे त्याच्या महालाचे दुसरे दालन कोठेही उरलेले नाही.