पगाराच्या स्लिपवरचे ते २०० रुपये

पगाराच्या स्लिपवर बहुतेकांना दर महिन्याला 'व्यवसाय कर २०० रुपये' अशी कपात दिसते. फेब्रुवारीत ३००. मीही कधी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. पण या कराची मुळं १९७२च्या दुष्काळात आहेत.

सिन्नरची माझी आजी त्या वर्षाबद्दल सांगायची. विहिरी आटल्या, बाजरी हाताला लागली नाही. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. तिकडे तो मुख्यतः जनावरांना घालतात. "भाकरी थापायला गेलं की चिरायची, पण पोट कुठं ऐकतंय?" असं ती म्हणे. मिलोने माणसं जगवली, हे मान्यच. पण स्वतः बाजरी पिकवणारी माणसं परक्या धान्यासाठी रांगेत उभी होती, हेही खरं.

गावं टिकली ती कामामुळे. खडी फोडणं, पाझर तलाव, नालाबंडिंग. मे १९७३मध्ये राज्यभर अशा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा पुढे १९७७मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. आणि त्याच्या खर्चासाठी १९७५पासून आला हा व्यवसाय कर. म्हणजे शहरानं गावाला घातलेली भीक नव्हती ती. आपल्या ताटात वाढणारा शेतात टिकावा म्हणून उचललेला वाटा होता.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये याची दुसरी बाजू दिसली. ऐन द्राक्षाच्या हंगामात बाजार ठप्प झाले. तेव्हा मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने, शेतकऱ्यांच्याच कंपनीने, फळं-भाजी थेट शहरातल्या सोसायट्यांपर्यंत पोचवली. शेतकऱ्याचा माल विकला गेला, आपल्या घरी भाजी आली. उपकार कुणीच कुणावर केले नाहीत.

आता गारपीट, अवकाळी झाली की आपण वर्गणी काढतो, किट वाटतो. चांगलंच आहे. पण त्या किटमधलं धान्य येतं कुठून? लांबच्या ठोक बाजारातून स्वस्तात आणलं, तर शेजारच्या तालुक्यात ज्याचं पीक वाचलंय त्याच्या मालाला गिऱ्हाईक कोण? पेठ-सुरगाण्याची नागली, येवल्याची बाजरी, निफाडचा कांदा आधी घ्या. आणि किटसोबत पुढच्या पेरणीचं बियाणंही द्या. किट महिन्याभरात संपतं. बियाणं घरात असलं, तर पुढच्या वर्षी रांगेत उभं राहावं लागत नाही.